विश्लेषण : एकच ‘सी’ कोड ओपनबीएसडीवर सुरक्षित, लिनक्सवर मात्र धोक्यात... असे कसे?

१ जुलै २०२४ रोजी ‘क्वालिस’ या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘ओपनएसएसएच’मधील एक गंभीर त्रुटी जाहीर केली. पासवर्ड नाही, खाते नाही, कुणी चुकून एखाद्या लिंकवर क्लिक करण्याचीही गरज नाही. दूरवर बसलेला हल्लेखोर थेट सर्व्हरचा सर्वाधिकारी होऊ शकतो, असे तिचे स्वरूप होते. इंटरनेटवर उघड दिसणारे १ कोटी ४० लाखांहून अधिक सर्व्हर संभाव्य धोक्यात असल्याचा क्वालिसचा अंदाज होता. पण या बातमीतील एका तपशिलाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ज्या ‘ओपनबीएसडी’ या ऑपरेटिंग सिस्टीमवर हा प्रोग्राम जन्मला आणि आजही लिहिला जातो, तिला या त्रुटीचा धोका नव्हता. धोका होता तो लिनक्सला. कोड तोच, भाषा तीच, लिहिणारे हातही बहुतांश तेच. मग एकीकडे सुरक्षित आणि दुसरीकडे असुरक्षित हे घडते कसे?

ओपनएसएसएच काय करते?

दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठीचा हा प्रोग्राम. बँकेचे ॲप असो, रेल्वेचे तिकीट किंवा हाच ई-पेपर, त्यामागच्या सर्व्हरवर तंत्रज्ञ शिरतात ते बहुधा याच दारातून. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या चमूने तो सुरू केला आणि तो ‘सी’ भाषेत आहे. सी ही यंत्राच्या अगदी जवळची भाषा. तिच्यात मेमरी स्वतः मागून घ्यावी लागते, स्वतः परत करावी लागते आणि चूक झाली तर अडवणारे कुणी नसते.

नेमकी त्रुटी कोणती होती?

सर्व्हरशी जोडणी केली, पण ठरावीक वेळेत ओळख पटवली नाही, तर ओपनएसएसएच ती जोडणी तोडते. ही मुदत सहसा १२० सेकंदांची. मुदत संपली की ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रामला एक ‘सिग्नल’ पाठवते. गजर वाजावा तसा. सिग्नल आला की प्रोग्राम हातातले काम जिथल्या तिथे सोडून गजरासाठी नेमून दिलेले काम करतो. त्या कामात एक गोष्ट होती : ‘अमुक पत्त्यावरून आलेल्याची वेळ संपली’ अशी नोंद सिस्टीमच्या लॉगमध्ये करायची. ही नोंद करणाऱ्या फंक्शनचे नाव ‘सिसलॉग’.

घोटाळा ‘जिथल्या तिथे’ या शब्दांत आहे. दुकानातला मुनीम खतावणीत जमेची रक्कम लिहून झाला आहे, नावेची लिहायची आहे, आणि तेवढ्यात त्याला उठवून दुसराच माणूस त्याच वहीत, त्याच पानावर नवी नोंद करू लागला तर? वही अर्धवट अवस्थेत असते. दुसऱ्याला ते ठाऊक नसते. तो आपल्या परीने बरोबरच लिहितो, पण हिशेब बिघडतो. येथे वही म्हणजे मेमरीचा हिशेब. लिनक्सवर सी भाषेची जी मूळ लायब्ररी सर्रास वापरली जाते, त्या ‘जीलिबसी’मधील सिसलॉग नोंदीवर वेळ टाकताना आतल्या आत थोडी मेमरी मागते. मुख्य प्रोग्राम मेमरीचीच देवघेव करत असताना नेमका गजर झाला, तर दोघे एकाच वहीवर झटापट करतात. हल्लेखोर ती झटापट आपल्याला हवी तशी घडवून आणू शकतो.

अर्थात हे एका फटक्यात साधत नाही. क्वालिसच्या प्रयोगात नेमका क्षण पकडायला सरासरी १० हजार प्रयत्न लागले. एका वेळी १०० जोडण्या आणि प्रत्येक खेपेला १२० सेकंद असे धरले तर तीन-चार तास होतात. त्यात लायब्ररी मेमरीत कुठे बसली आहे याचा अंदाज निम्म्या वेळाच बरोबर येतो, म्हणून सहा ते आठ तास. हा प्रयोग ३२ बिटच्या लिनक्सवर यशस्वी झाला; ६४ बिटवर तो शक्य असल्याचे संशोधकांचे मत होते, पण प्रात्यक्षिक त्यांनी दाखवले नव्हते. तरीही रात्री झोपण्यापूर्वी सुरू करून सकाळी सर्व्हर ताब्यात, हा सौदा कोणत्याही हल्लेखोराला परवडणाराच.

मग ओपनबीएसडी का वाचली?

तिथे गजराच्या वेळी साधे सिसलॉग वापरलेच जात नाही. ‘सिसलॉग_आर’ नावाचे वेगळे फंक्शन वापरले जाते. ते सिग्नलच्या मध्यात बोलावले तरी चालते, कारण ते त्या वहीला हातच लावत नाही. ओपनबीएसडीने ही सोय २००१ मध्येच केली होती.

आता दोष कुणाचा? जीलिबसीकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, पण ते न्यायाचे नाही. ‘पोझिक्स’ या प्रमाणकात सिग्नलच्या मध्यात कोणती फंक्शने निर्धास्त बोलवावीत याची यादीच दिलेली आहे. सिसलॉग त्या यादीत नाही. म्हणजे जीलिबसीने कोणतेही वचन मोडलेले नव्हते. ओपनबीएसडी प्रमाणकाच्या एक पाऊल पुढे गेली होती इतकेच. घरी जी सोय आहे ती बाहेर सगळीकडे असेलच असे धरून चालले की काय होते, याचा हा धडधडीत नमुना.

दुरुस्त केलेला दोष परत कसा आला?

या प्रकरणातली सर्वांत बोचरी बाब हीच. हा दोष नवा नव्हता. २००६ मध्ये तो सापडला होता, त्याला सीव्हीई-२००६-५०५१ असा क्रमांकही मिळाला होता आणि तो दुरुस्तही झाला होता. दुरुस्ती सोपी होती. कोडमध्ये ‘इफडेफ’ची अट घातली गेली : या ऑपरेटिंग सिस्टीमवर गजराच्या वेळी नोंद करणे सुरक्षित असेल तरच नोंद कर, नाही तर मुकाट्याने बाहेर पड. इफडेफ म्हणजे सी प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर होण्याआधीच लागू होणारी अट. अट पूर्ण होत नसेल, तर तेवढा भाग जणू लिहिलाच नाही असे समजले जाते.

ऑक्टोबर २०२० मध्ये ओपनएसएसएचच्या नोंदव्यवस्थेची फेररचना झाली. त्या साफसफाईत ही अट चुकून काढली गेली. मार्च २०२१ मधील ८.५पी१ या आवृत्तीपासून लिनक्सवरचे दार पुन्हा उघडे पडले आणि तीन वर्षांहून अधिक काळ ते कुणाला दिसले नाही. दिसणार तरी कसे? ओपनबीएसडीवर ती ओळ असली काय नि नसली काय, सुरक्षिततेत फरक पडत नव्हता. लिनक्सवरही प्रोग्राम रोजच्या वापरात नीट चालत होता, नोंदी होत होत्या. उलट आधी होत नव्हत्या त्या नोंदी आता होऊ लागल्या होत्या. दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट चाचणीत सापडत नाही.

दुरुस्त झालेला दोष नंतरच्या बदलामुळे परत येणे, याला सॉफ्टवेअरच्या व्यवहारात ‘रिग्रेशन’ म्हणतात. त्या इंग्रजी शब्दात एसएसएच ही अक्षरे गुंफून क्वालिसने या त्रुटीचे बारसे केले. अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७.

आवृत्तीच्या आकड्यात ‘पी’ कशासाठी?

८.५पी१, ९.८पी१. यातला ‘पी’ म्हणजे पोर्टेबल. ओपनएसएसएच दोन टप्प्यांत तयार होते. एक चमू केवळ ओपनबीएसडीसाठी लिहितो. त्या कोडमध्ये इतर कोणत्याही सिस्टीमचा विचार नसतो, त्यामुळे तो आटोपशीर राहतो आणि वाचून तपासता येतो. दुसरा चमू तोच कोड घेऊन लिनक्स, मॅकओएस वगैरेंसाठी तयार करतो. ओपनबीएसडीत असलेली पण इतरत्र नसलेली फंक्शने तो एका वेगळ्या फोल्डरमध्ये लिहून पुरवतो. मुख्य कोडला वाटते की आपण घरीच आहोत.

याच्या अगदी उलट मार्ग एके काळी ‘ओपनएसएसएल’ने धरला होता. त्यात प्रत्येक सिस्टीमसाठी मुख्य कोडमध्येच इफडेफच्या अटी होत्या. व्हीएमएस, जुने मॅक, अगदी १६ बिटचे विंडोजही. एका फंक्शनमध्ये चार-पाच सिस्टीमचे तुकडे एकमेकांत विणलेले असत. काही ठिकाणी मेमरी देणारे मूळ फंक्शन संथ असते म्हणून ओपनएसएसएलने सर्वांसाठीच मेमरीचा स्वतःचा साठा ठेवला होता. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ची त्रुटी उघड झाली तेव्हा मूळ चूक लांबी न तपासण्याची होती हे खरे, पण ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ डी राट यांचा संताप वेगळ्या गोष्टीवर होता. त्यांच्या सिस्टीममध्ये मेमरीच्या गैरवापराला अटकाव करणारी व्यवस्था होती आणि ओपनएसएसएलच्या खासगी साठ्याने तिला वळसा घातला होता. कुठल्याशा संथ यंत्राची सोय म्हणून केलेली तडजोड सर्वांच्या माथी बसली होती.

त्यानंतर ओपनबीएसडीने ओपनएसएसएलची वेगळी शाखा काढली, ती ‘लिब्रेएसएसएल’. पहिल्या काही दिवसांतच सुमारे ९० हजार ओळी काढून टाकण्यात आल्या.

पण सी तर पोर्टेबल भाषा म्हणूनच नावाजलेली ना?

होय, आणि ते नाव तिने कमावलेले आहे. १९७३ मध्ये युनिक्स सीमध्ये नव्याने लिहिले गेले. पुढे डेनिस रिची आणि स्टीफन जॉन्सन यांनी ते पीडीपी-११ वरून इंटरडेटा कंपनीच्या अगदी निराळ्या यंत्रावर उतरवून दाखवले. त्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एका यंत्राला चिकटलेली वस्तू होती.

पण सीने पोर्टेबिलिटी साधली ती बऱ्याच गोष्टी मोकळ्या सोडून. आपल्याकडे पूर्वी शेर हे माप सगळीकडे होते, पण एका बाजारपेठेतला शेर दुसरीकडे भरेलच असे नव्हते. सीमधला ‘इंट’ तसाच आहे. पीडीपी-११ वर तो १६ बिटचा. आपल्याकडच्या ज्या पिढीने महाविद्यालयात निळ्या पडद्याच्या ‘टर्बो सी’वर प्रोग्रामिंग गिरवले, त्यांना इंट दोन बाइटचा आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७, हे तोंडपाठ असे. तोंडी परीक्षेत याला गुणही मिळत. प्रत्यक्षात ते सीचे नव्हे, त्या एका कंपायलरचे उत्तर होते. आजच्या बहुतेक संगणकांवर इंट चार बाइटचा असतो. आणि ‘लाँग’? ६४ बिटच्या लिनक्सवर आठ बाइट, ६४ बिटच्या विंडोजवर चारच.

याहून छुपा सापळा ‘कॅर’ या एका बाइटच्या प्रकारात आहे. त्यात ऋण संख्या मावते की नाही, हे सीच्या प्रमाणकाने ठरवलेलेच नाही. लॅपटॉपमधल्या इंटेल प्रोसेसरवर सहसा मावते. अँड्रॉइड फोनमधल्या एआरएम प्रोसेसरवर मावत नाही. फाइल संपली हे सांगण्यासाठी सी उणे १ ही खूण परत करते. विद्यार्थी ती कॅरमध्ये साठवतो आणि उणे १ आली की थांब असे लिहितो. लॅपटॉपवर प्रोग्राम थांबतो. तोच प्रोग्राम फोनवर किंवा रास्पबेरी पायवर चालवला की थांबतच नाही, कारण तिथे उणे १ चे २५५ झालेले असतात. लिनक्स कर्नलनेही अखेर ६.२ या आवृत्तीपासून सर्व प्रोसेसरांवर कॅर ऋणरहितच मानायचा असे ठरवून टाकले.

नसलेले फंक्शन लिहून पुरवले की काम भागते?

ते वाटते तितके सोपे नाही. लिब्रेएसएसएलच्या बाबतीत जुलै २०१४ मध्ये घडलेला प्रकार त्यासाठी सांगण्यासारखा आहे.

कूटलेखनाला अंदाज न येणाऱ्या यादृच्छिक संख्या लागतात. ओपनबीएसडीत त्यांचे उगमस्थान कर्नलमध्ये आहे आणि एका प्रोसेसमधून दुसरी प्रोसेस जन्मली, म्हणजे ‘फोर्क’ झाला, तर जुना साठा आपोआप पुसला जातो. न पुसला तर आई आणि मूल या दोन्ही प्रोसेस तेच आकडे तयार करतील. लिनक्सवर तेव्हा ही सोय नव्हती. म्हणून लिब्रेएसएसएलच्या पोर्टेबल आवृत्तीत एक युक्ती होती : प्रोसेसचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि तो बदललेला दिसला की फोर्क झाला असे समजायचे.

पहिली पोर्टेबल आवृत्ती बाहेर पडून आठवडाही होत नाही तोच एका प्रोग्रामरने यातली फट दाखवून दिली. लिनक्सवर प्रोसेसचे क्रमांक पुन्हा वापरले जातात. आजोबा प्रोसेस संपली आणि तिचाच क्रमांक नातवाला मिळाला तर? आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, तसेच. क्रमांक बदललेला दिसत नाही, लायब्ररीला फोर्क झाल्याचे कळत नाही आणि नातू आजोबांचेच ‘गुप्त’ आकडे पुन्हा देतो. सुधारित आवृत्ती काही दिवसांतच आली.

दुसरी अडचण होती ती यादृच्छिक आकडे मिळवण्याचीच. लिनक्सवर त्यासाठी एक खास फाइल उघडावी लागे. प्रोग्रामला सुरक्षेसाठी फाइल व्यवस्थेच्या एका कोपऱ्यात कोंडून ठेवले असेल, तर ती फाइल दिसतच नसे. या गरजेतून ऑक्टोबर २०१४ मधील लिनक्स ३.१७ मध्ये ‘गेटरँडम’ ही नवी सोय आली आणि फोर्कनंतर मेमरी पुसण्याची सोय २०१७ मध्ये ४.१४ या आवृत्तीत. पोर्ट करणाऱ्यांच्या तक्रारीने लिनक्सच सुधारले, असे म्हणता येईल. खोटी सोय वरवर उभी करण्यापेक्षा ‘खाली ही सोय हवी’ असा आग्रह धरणे केव्हाही बरे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्याला वेळ लागतो, हा भाग वेगळा.

तोवर काय? तर एकाच कामाला चार नावे. पासवर्ड वापरून झाला की मेमरीतून पुसायचा असतो. साध्या फंक्शनने पुसला, तर ‘ही मेमरी पुढे कुणी वाचतच नाही’ असे ठरवून कंपायलर ते पुसणेच गाळून टाकू शकतो. म्हणून ओपनबीएसडीने ‘एक्स्प्लिसिट_बीझीरो’ आणले, विंडोजमध्ये ‘सिक्युअरझीरोमेमरी’ आहे, सी११ प्रमाणकाने ‘मेमसेट_एस’ ऐच्छिक म्हणून दिले आणि सी२३ ने ‘मेमसेट_एक्स्प्लिसिट’. चार ठिकाणी चालणाऱ्या प्रोग्रामला या साऱ्यांची दखल घ्यावी लागते. ती घेणारा कोड सहसा कंटाळवाणा असतो, आणि कंटाळवाण्या कोडकडे कमी डोळे वळतात.

त्रुटी कशी बुजवली?

९.८पी१ ही आवृत्ती १ जुलै २०२४ लाच आली. तिच्यात केवळ हरवलेली अट परत बसवलेली नाही. गजराच्या वेळी नोंद करण्याचे कामच तिथून हलवले आहे. आता गजर झाला की ती प्रोसेस एक ठरावीक खूण मागे ठेवून संपते. जोडण्या स्वीकारणारी मुख्य प्रोसेस ती खूण वाचते आणि नोंद करते, तेही कुणी मध्येच न उठवता, आपल्या सवडीने. सिसलॉग कोणत्या सिस्टीमवर सुरक्षित आहे, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. पोर्टेबल कोडची ही रीत अधिक भरवशाची : सिस्टीमनिहाय अट घालण्याऐवजी, सर्वत्र सारखे वागेल तेवढेच वापरायचे.

याचा प्रत्यय आठवडाभरातच आला. रेड हॅटच्या लिनक्समधील ओपनएसएसएचमध्ये कंपनीने स्वतःची भर घातलेली होती. त्या भरीतून गजराच्या वाटेवर आणखी काही असुरक्षित फंक्शने बोलावली जात असल्याचे लक्षात आले आणि सीव्हीई-२०२४-६४०९ हा नवा क्रमांक द्यावा लागला. मूळ चमू, पोर्टेबल चमू आणि वितरक अशा तीन हातांतून कोड जातो. गजराच्या वाटेवर काय चालते याची नोंद तिघांकडे सारखी असेलच असे नाही.

यापुढची मोठी कसोटी कोणती?

तिची तारीख ठरलेली आहे. जुन्या ३२ बिटच्या सिस्टीममध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला अशा यंत्रावरची तारीख १९०१ सालात जाईल. ओपनबीएसडीने २०१४ मध्येच, जुन्या प्रोग्रामांशी फारकत घेऊन, सर्व प्रोसेसरांवर वेळ ६४ बिटची केली. लिनक्सला तसे करता येईना, कारण जुने प्रोग्राम चालत राहिलेच पाहिजेत हा तिथला दंडक. कर्नलची तयारी २०२० मध्ये पूर्ण झाली, जीलिबसीने २०२१ मध्ये ६४ बिटचा पर्याय दिला आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२ बिटच्या एआरएम यंत्रांसाठी तो लागू केला. इंटेलच्या जुन्या ३२ बिट प्रोग्रामांसाठी मात्र डेबियनने जुनीच वेळ कायम ठेवली आहे.